घोणस अळी चावत नाही, तरी आग का होते? शेतात काम करताना काय काळजी घ्याल?

हिंगोली : बांधावरचे गवत कापताना किंवा उसात शिरल्यावर पानाखालच्या अळीला हात लागतो आणि अंगाची आग आग होते. सप्टेंबर 2022 मध्ये बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात अशा घटनांनंतर काही शेतकऱ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मोबाइलवर भीतीचे संदेश फिरले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तेव्हा घाबरून न जाण्याचे आवाहन केले होते.

ही अळी कोणती?
नावात घोणस असली तरी सापाशी तिचा संबंध नाही. ही एका पतंगाची अळी असून इंग्रजीत तिला 'स्लग कॅटरपिलर' म्हणतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर ती गवत, एरंडी, आंबा, तर कधी ऊस व मक्यावर दिसते.

वेदना कशामुळे?
अळी तोंडाने चावत नाही. तिच्या अंगावरचे काटेरी केस पोकळ असून त्यात विष असते. स्पर्श होताच केसांची टोके मोडून त्वचेत अडकतात. जागा चोळली की ती आणखी खोल रुततात. त्यामुळे आधी केस काढणे महत्त्वाचे.

लगेच काय कराल?
• जागा चोळू किंवा खाजवू नका.
• चिकटपट्टी हलकेच लावून ओढा. दर वेळी नवी पट्टी वापरा.
• साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळून बर्फ लावा.
• खाण्याच्या सोड्याचा लेप लावता येतो. चुना, तंबाखू, रॉकेल लावू नका.

दवाखान्यात कधी जावे?
बहुतेकांचा त्रास काही तासांत कमी होतो. मात्र धाप लागणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, चक्कर, वारंवार उलट्या ही लक्षणे ॲलर्जीची असू शकतात. अशा वेळी वाट न पाहता 108 वर फोन करा. डोळ्यात केस गेल्यास डोळा न चोळता डॉक्टरांकडे जा.

कसे टाळाल?
पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे घाला. गवताची पेंढी उचलण्याआधी झटकून पाहा. अळी हाताने नव्हे, काडीने काढा. एखाददुसरी अळी दिसली म्हणून विषारी फवारणीची घाई नको. प्रमाण वाढल्यास 5 टक्के निंबोळी अर्क फवारा आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या.