दगड जुना की घाट जुना?

सह्याद्रीत घाटरस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये अधूनमधून एक विटकरी पट्टी दिसते. गाडीतून पाहिले तर कुणी गेरू फासल्यासारखी वाटते. जवळ जाऊन हात लावावा, बोटे लाल होतात. लाव्हाचा एक लोट थिजला आणि त्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात ऊन-पावसाने झिजून झालेली ही माती. दख्खनच्या पठाराचे वय ठरवताना आजूबाजूच्या पुरुषभर उंचीच्या कातळापेक्षा ही वीतभर माती जास्त बोलकी ठरली.

दख्खनचा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. नागपूरकडे तो पातळ होतो, तर सह्याद्रीत फार जाड आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले गेले. त्यात सुमारे १,२५० मीटर नुसता बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन पाया. मधे गाळाचा थर नाहीच. म्हणजे लाव्हा आला तो इथल्या उघड्या, झिजलेल्या जमिनीवर.

हा लाव्हा केव्हा आला? पोटॅशियमचा एक प्रकार किरणोत्सारी असतो. १२५ कोटी वर्षांत तो निम्मा होतो आणि त्याच्या झिजणाऱ्या दर शंभर अणूंतले साधारण अकरा आरगॉन वायूचे होतात. लाव्हा पातळ असताना हा वायू निसटून जातो. खडक थिजला की आतच अडकतो. तेव्हापासून घड्याळ सुरू. पण बेसाल्टमध्ये पोटॅशियम थोडे, शिवाय पुढे खडकात गरम पाणी झिरपले किंवा तो कुजला की अडकलेला वायू पळतो. त्यामुळे सुरुवातीच्या मोजण्यांत दख्खनची वये कोट्यवधी वर्षांनी मागेपुढे येत होती. पुढे नमुना अणुभट्टीत ठेवून त्यातल्या काही पोटॅशियमचेही आरगॉन करायचे, मग तो टप्प्याटप्प्याने तापवून दोन्ही आरगॉन एकत्रच मोजायचे, अशी युक्ती निघाली. १९८८च्या सुमारास तिने चित्र पालटले: हा सगळा ढीग फार थोड्या काळात, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास रचला गेला होता. त्यातल्या बहुतेक लोटांचे चुंबकत्वही आजच्या उलट दिशेचे निघाले. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या एकाच उलट्या पर्वात हे बहुतेक काम उरकले होते.

आता पुन्हा त्या लाल पट्टीकडे वळू. झिरकॉन नावाचे खनिज तयार होताना युरेनियम सहज आत घेते, शिशाला मात्र जवळपास थारा देत नाही. त्यामुळे आत सापडलेले शिसे हे युरेनियमपासूनच झालेले. शिवाय युरेनियमचे दोन प्रकार वेगवेगळ्या गतीने झिजतात (एक ४४७ कोटी वर्षांत निम्मा होतो, दुसरा ७० कोटी), म्हणून एकाच कणात दोन घड्याळे असतात आणि एकाची चूक दुसरे पकडते. अडचण एवढीच की दख्खनच्या बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही. लोटांमधल्या मातीवर मात्र वेगळ्या, स्फोटक ज्वालामुखींची राख पडली होती आणि राखेत झिरकॉनचे बारीक कण होते. प्रिन्स्टन विद्यापीठातले ब्लेअर शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेचून वये काढली. २०१५ साली त्यांनी मांडले की मुख्य उद्रेक डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांत संपला.

२०१९ साली ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन लेख आले. झिरकॉनवाल्यांना उद्रेकाचे चार झटके दिसले. आरगॉनवाल्यांना, म्हणजे कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांना, लाव्हा बराचसा सलग येत राहिलेला दिसला, आणि त्यातला बहुतेक डायनोसॉर संपल्यानंतरचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या इतक्या थोड्या काळावरून असा वाद रंगावा, याचेच मला नवल वाटते.

पण हे सगळे वय दगडाचे झाले. जमीन केव्हा उंचावली, कडा केव्हा तुटला, हे थिजलेला लाव्हा सांगत नाही. तो फक्त आपण कधी थिजलो तेवढे सांगतो. तिथे गाळाच्या खडकांना विचारावे लागते. मुंबईत वरळीच्या टेकडीत बेसाल्टलगतच्या गाळात इवलेसे बेडूक दगड होऊन सापडले; रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचे वर्णन केले. बेडूक म्हणजे गोडे पाणी, म्हणजे आज जिथे समुद्राचा वारा खातो तिथे तेव्हा तळी-दलदल होती. उलट पूर्वेला आंध्रात राजमहेंद्रीजवळ दोन लोटांमधल्या गाळात समुद्रातले सूक्ष्मजीव आहेत, तेही डायनोसॉर संपल्यानंतर लगेचचे. तिथले लोट रासायनिक घडणीत महाबळेश्वरकडच्या लोटांशी जुळतात. शेकडो किलोमीटर वाहत ते पूर्वेच्या किनाऱ्याला टेकले, म्हणजे जमिनीचा उतार तेव्हाच पूर्वेकडे असला पाहिजे. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराला जाते, ती याच उतारावरून.

कड्याचे वय सांगणारा साक्षीदार आणखी साधा आहे: जांभा. कोकणातल्या घरांचा चिरा ज्यातून काढतात तोच. तो घाटावर महाबळेश्वर-पाचगणीलाही आहे आणि खाली कोकणच्या सड्यावरही; मधे हजारेक मीटरची उभी उडी. खालचा जांभा खालच्या पातळीवरच तयार झाला असेल, तर तो होण्याआधी कोकणची जमीन खाली आलेली हवी, म्हणजेच कडा उभा हवा. पण जांभ्याला वय कसे विचारायचे? काही ठिकाणी त्याच्यासोबत मँगनीजची खनिजे मुरलेली असतात आणि त्यांत पोटॅशियम असते, म्हणून आरगॉनचे घड्याळ तिथेही चालते. असे कण गोव्यात मिळाले. तिथला पाया बेसाल्टचा नाही, कितीतरी जुन्या खडकांचा आहे. पण सह्याद्रीची भिंत खडक बदलला म्हणून थांबत नाही. तिथल्या आणि कर्नाटकातल्या मँगनीजच्या कणांवरून निघाले की कोकणपट्टीत जांभा होणे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच सुरू झाले होते. कडा त्याहून जुना. लाव्हा थिजला आणि पुढच्या दोन कोटी वर्षांच्या आत केव्हातरी पठाराची पश्चिम कड तुटून उभी राहिली. त्यानंतरच्या सगळ्या पावसाळ्यांनी तिला कोरत आणले आहे.