वांद्र्याच्या पाखाड्यांतले दगडी क्रूस

हिल रोडने समुद्राच्या दिशेला चालत गेलं की सेंट अँड्र्यूज चर्चचं आवार लागतं. तिथे एकाच दगडातून घडवलेला, सुमारे १७ फूट उंचीचा क्रूस उभा आहे. खरेदीसाठी वांद्र्याला वरचेवर येणाऱ्यांनीही तो बहुधा पाहिलेला नसतो. तो जवळून पाहावा असाच आहे. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची ३९ चिन्हं त्यावर कोरलेली आहेत. पेत्राने येशूची ओळख नाकारली तेव्हा आरवलेला कोंबडा, शिडी, खिळे, काट्यांचा मुकुट ही अशा क्रुसांवरची नेहमीची चिन्हं. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या शेतकऱ्या-कोळ्यांना शुभवर्तमानातली कथा या दगडावर वाचता येई.

हे चर्च जेझुइट धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात बांधलं. क्रूस मात्र मूळचा इथला नाही. १६१०च्या सुमारास उभ्या राहिलेल्या सेंट अ‍ॅन या जेझुइटांच्या विद्यालयात तो होता. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी आणि वसई घेतली, त्या धामधुमीत १७३९ साली ते विद्यालय नष्ट झालं. क्रूस वाचला आणि १८७० मध्ये चर्चच्या आवारात आला.

पण वांद्र्याचा खरा ठेवा आवाराबाहेर आहे. रणवार, चिंबई, पाली, चुईम ही एके काळची शेतकऱ्यांची, कोळ्यांची गावं. मराठी बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. इथल्या पाखाड्यांच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या, वळणावर, कौलारू घरांच्या मधोमध छोटे क्रूस दिसतात. चौथरा, त्यात मेणबत्तीसाठी कोनाडा, वर क्रूस, त्यावर झेंडूचा हार आणि खाली एखादी कोरलेली ओळ: साल, कुटुंबाचं नाव, कधी नवसाचं कारण.

अनेक ओळींतलं साल १८९६च्या आगेमागेचं असतं. त्या वर्षी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि बघता बघता आसपासच्या गावांत पसरला. घरातलं माणूस वाचावं म्हणून लोक नवस बोलले, गावांनी वर्गणी काढून क्रूस उभारले. या साथीचा सरकारी इतिहास अहवालांत आहे. गावांनी ती कशी सोसली, हे या चौथऱ्यांवर लिहिलेलं आहे. मे महिन्यात आजही क्रुसापाशी शेजारीपाजारी जमतात, रोझरी आणि लादीन या प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे वाटले जातात.

२०१७च्या एप्रिलमध्ये बाझार रोडवरचा शंभरहून अधिक वर्षांचा क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा वांद्र्यात संताप उसळला. तो रास्तच होता. मात्र हातोड्याइतकंच नुकसान आपली मायासुद्धा करते. दर सणाला तैलरंगाचा नवा हात दिला की अक्षरं बुजतात. चौथऱ्याला चकचकीत लादी लावली की सालच दिसेनासं होतं. क्रूस किती जुना, हे विचारलं गेलं की ती कोरलेली ओळच पहिला पुरावा असते. तीच आपण आपल्या हातांनी झाकतो, याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या पाखाडीतल्या क्रुसाची डागडुजी निघाली असेल, तर आधी कोरीव मजकुराचे स्वच्छ फोटो काढा, तो वहीत उतरवून घ्या, वडीलधाऱ्यांना त्या नावांबद्दल विचारा. आणि मूळ दगडावर लादी बसवू देऊ नका.