पिशवीतले कागद

रात्री साडेदहाला दारावर थाप पडली. मागच्या आळीतली ती उभी होती, कडेवर सात वर्षांचा मुलगा. "ताई, सकाळपासून हा डोळेच उघडेना हो. दोनदा उलटी झाली." मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, सोबत फिट्स. ह्यांनी गाडी काढली, आम्ही सिव्हिल गाठलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "औषधं कोणती चालू आहेत?" तिनं कापडी पिशवी बाकावर रिकामी केली. फिट्सच्या डॉक्टरांचे कागद, हाडांच्या, डोळ्यांच्या, गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी, औषध दुकानाची बिलं! त्या ढिगातून डॉक्टरांनी दोन कागद वेगळे काढले. फिट्ससाठी रोजचं कार्बामॅझेपिन, आणि खोकल्यासाठी तीन दिवसांपूर्वी सुरू झालेलं एरिथ्रोमायसिन. ही दोन औषधं एकत्र आली की फिट्सचं औषध रक्तात साचतं, मूल गुंगीत जातं. खोकल्याचं औषध बदललं, मुलाला दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आईकडे बघून हसला.

चूक कुणाची म्हणायची? प्रत्येकानं आपापल्या परीनं उपचारच केले होते. एकानं मेंदू पाहिला, एकानं पाय, एकानं घसा. सगळं मूल एकत्र पाहणारी फक्त त्याची आई. आणि तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं!

त्यानंतर आम्ही दोघींनी एक फाईल केली. पहिल्या पानावर मुलाचं नाव, वय, वजन आणि आजार. खाली प्रत्येक औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता. कोणतं औषध सोसलं नाही, तेही. नुसतं 'एक चमचा' लिहून भागत नाही, कारण एकाच नावाचं सिरप कमीजास्त ताकदीचं मिळतं. वजन वाढलं की डोसही डॉक्टरांना विचारायचा. आणि फिट्सचं औषध आपल्या मनानं एक दिवसही बंद करायचं नाही.

दुसऱ्या पानावर फिटची नोंद: तारीख, वेळ, किती मिनिटं. तिथंच मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना.' हे पान आजीसाठी!

मग एक बालरोगतज्ज्ञ मुख्य ठरवले. कुणीही नवीन औषध दिलं की आधी पहिलं पान पुढे करायचं, "हे चालू आहे, चालेल ना?" असं विचारायचं. विचारण्यात कसला संकोच?

मैत्रिणींनो, मदतीची दारंही आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत, शाळेत होते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथं बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा-श्रवण, मानसोपचार एकाच छताखाली मिळावेत ही कल्पना आहे. पण कोण कोणत्या वारी बसतं ते आधी विचारून जा, म्हणजे एका खेपेत दोन-तीन कामं होतात आणि एसटीचं भाडं, बुडालेली मजुरीही वाचते.

अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढून घ्या. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विमा योजनेची चौकशी करा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय आहे, त्यात थेरपीही येते. पैसे मागाहून मिळतात, तेव्हा बिलं जपून ठेवा. तीही फाईलमध्येच!

गेल्या महिन्यात तिलाच सणकून ताप आला. त्याच दिवशी मुलाची तारीख होती. नेहमी "मला त्यातलं काही कळत नाही" म्हणणारा नवरा फाईल घेऊन एकटा गेला. डॉक्टरांनी विचारलेलं सगळं पानं उलटून सांगितलं, नवीन डोस स्वतः लिहून आणला.

मी पेज घेऊन गेले तर ती म्हणाली, "ताई, सात वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोपले हो."