अल जदीदा : मोरोक्कोवासीयांचा उन्हाळा

मोरोक्को म्हटले की भारतीय पर्यटकाच्या डोळ्यांसमोर मराकेशची बाजारपेठ आणि सहाराची वाळू येते. खुद्द मोरोक्कन कुटुंबे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राची वाट धरतात. त्या दिवसांत मराकेशचा पारा अनेकदा 40 अंशांपलीकडे जातो. कासाब्लांकाच्या नैर्ऋत्येस सुमारे 100 किलोमीटरवरील अल जदीदा येथे अटलांटिकमधील थंड कॅनरी प्रवाहामुळे हवा सुखद असते. पाणीही चांगलेच गार असते, हे पोहणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. युरोपात नोकरी करणारे मोरोक्कनही याच सुमारास घरी परततात. कोकणात गणपतीला चाकरमानी यावेत, तसाच हा प्रकार. साहजिकच निवासाचे दर चढतात आणि किनाऱ्यावर जागा मिळणे कठीण होते. निवांतपणा हवा असल्यास जून वा सप्टेंबर बरा. तथापि, गाव रंगात आलेले पाहायचे तर गर्दी सोसावीच. ऑगस्टमध्ये जवळच्या मूले अब्दल्ला येथे मोठी जत्रा भरते. पारंपरिक वेषातील घोडेस्वार एका ओळीत भरधाव येतात आणि एकाच क्षणी बंदुकांचा बार काढतात. 'तबूरिदा' नावाच्या या कलेस 2021 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळाले.

किनाऱ्यालगतच पोर्तुगीजांचा तटबंद 'माझागान' उभा आहे. (मुंबईच्या माझगावशी साम्य आहे ते केवळ उच्चाराचे.) वसई 1739 मध्ये मराठ्यांनी जिंकली, त्यानंतर 30 वर्षांनी, 1769 मध्ये, पोर्तुगीजांना माझागानही सोडावे लागले. जाताना त्यांनी तटाचा काही भाग सुरुंगाने उडविला. तेथील रहिवाशांना पुढे थेट ब्राझीलमध्ये वसविण्यात आले. ओस पडलेले हे शहर एकोणिसाव्या शतकात पुन्हा नांदते झाले, म्हणून नाव 'अल जदीदा', म्हणजे 'नवी'. 2004 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. तटाच्या आत स्तंभांवर तोललेले, कमानींच्या छताचे भुयारी जलकुंड आहे. छतातील एकाच झरोक्यातून प्रकाश उतरतो आणि तळाशी असलेल्या पाण्याच्या पातळ थरात स्तंभांचे प्रतिबिंब पडते. ऑर्सन वेल्स यांनी 'ऑथेल्लो' चित्रपटाचा काही भाग येथेच चित्रित केला.

खर्चाची तजवीज मात्र प्रस्थानापूर्वीच करावी. दिरहॅम हे मोरोक्कोबाहेर मुक्तपणे बदलता येणारे चलन नव्हे. मर्यादित रकमेपलीकडे ते देशाबाहेर नेण्यासही मनाई आहे. म्हणून भारतातील अधिकृत विक्रेत्याकडून युरो वा डॉलर घ्यावेत, तेथे गरजेपुरतेच बदलावेत आणि बदलाची पावती जपून ठेवावी. उरलेले दिरहॅम परत करताना ती मागितली जाऊ शकते. लहान दुकाने आणि खाणावळींत रोख रक्कमच चालते, त्यामुळे केवळ कार्डावर विसंबू नये. उरलेल्या नोटांचा हिशेब विमानतळावरच मिटवावा. मुंबईत त्यांना गिऱ्हाईक मिळणे अवघड.