‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

अमेरिकेत 1965 चा स्थलांतर कायदा झाला आणि कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येने तिथे गेली. ती पिढी आता म्हातारी झाली आहे. तिच्या मनःस्वास्थ्याबद्दलचे काही गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज : कोरियन लोक शिकलेले, कमावते, त्यांना भेदभावाची झळ बसत नाही.
वस्तुस्थिती : 1992 च्या लॉस एंजेलिस दंगलीत कोरियन मालकांची 2,000 हून अधिक दुकानं लुटली किंवा जाळली गेली. अनेक ठिकाणी पोलीस आलेच नाहीत, म्हणून अनेकांनी छपरावर चढून पहारा दिला. आयुष्यभराची कमाई गेली आणि आपल्याला कोणी वाली नाही, हा घाव मनावर राहिला. पुढे कोरोनाकाळात आशियाई चेहऱ्यांवर राग निघाला, तेव्हा अनेक वृद्धांनी धास्तीने एकट्याने बाहेर पडणंच सोडलं.

गैरसमज : भेदभाव म्हणजे शिवीगाळ आणि मारहाण.
वस्तुस्थिती : बोलताना इंग्रजी अडखळलं की समोरचा आवाज चढवतो. डॉक्टर आजीकडे न बघता तिच्या मुलाशीच बोलतात. असे रोजचे छोटे अपमान साचत जातात. रोजच्या भेदभावाचा नैराश्याशी संबंध असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

गैरसमज : त्रास असता तर ते बोलले असते.
वस्तुस्थिती : मनातलं बोलून दाखवणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. मग शरीर बोलतं. छातीवर दडपण, अंगाची आग, पोटाच्या वरच्या भागात गोळा, सारखे उसासे, उडालेली झोप. दाबून ठेवलेल्या संतापातून होणाऱ्या या त्रासाला कोरियात ‘ह्वाब्योंग’ म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1994 च्या आपल्या मार्गदर्शिकेत त्याची नोंद घेतली. हे ठाऊक नसलेला डॉक्टर नुसती पित्ताची गोळी देऊन मोकळा होऊ शकतो.

गैरसमज : मुलं सोबत असताना दुभाषा कशाला?
वस्तुस्थिती : ‘आता जगावंसं वाटत नाही’ हे आई मुलाच्या तोंडून डॉक्टरांना कसं सांगेल? सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकेतल्या रुग्णालयांनी इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषा द्यावा, असा कायदाच आहे.

हा हक्क मराठी आईवडिलांनाही आहे. तुमचे आईवडील तिथे असतील, तर पुढच्या तपासणीला दुभाषा मागून घ्या आणि थोडा वेळ त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.