डॉनिब्रुक : जत्रा मोडली, हाणामारी उरली

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या बातम्यांत ‘डॉनिब्रुक’ हा शब्द अधूनमधून भेटतो. दोन खेळाडू भिडतात, सोडवायला गेलेले स्वतःच गुद्द्यांवर येतात आणि कोण कोणाला मारतंय हेच कळेनासं होतं. अशा धुमश्चक्रीला इंग्रजीत डॉनिब्रुक म्हणतात. लढाईला किंवा द्वंद्वाला हा शब्द शोभत नाही, कारण तिथे बाजू ठरलेल्या असतात. मात्र पक्षाच्या बैठकीत सगळेच एकमेकांवर तुटून पडले, तर हात न उचलताही डॉनिब्रुक होतं.

मुळात हे एका गावाचं नाव. आयर्लंडमध्ये डोडर नदीकाठी वसलेलं डॉनिब्रुक आज डब्लिनचं सुखवस्तू उपनगर आहे. इंग्लंडचा राजा जॉन याने १२०४ मध्ये डब्लिनकरांना इथे वार्षिक जत्रा भरवण्याची सनद दिली. घोडे-गुरांची खरेदी-विक्री, कापडचोपड, खाऊ, खेळ असं सगळं तिथे असे. पुढे व्यापार मागे पडला; दारूचे तंबू, फिडलच्या तालावरचे नाच आणि ‘शिलेली’ नावाच्या दणकट काठ्यांच्या मारामाऱ्या यांचाच बोलबाला झाला. धर्मगुरू आणि दारूबंदीचे पुरस्कर्ते जत्रेच्या विरोधात उभे राहिले. अखेर १८५५ मध्ये जत्रेचे हक्क ३,००० पौंडांना विकत घेऊन ती बंद करण्यात आली. तोवर गावाचं नाव मारामारीला चिकटलं होतं.

‘पानिपत झालं’ म्हणताना मराठी माणूस स्वतःच्या पराभवाची आठवण काढतो. डॉनिब्रुकची गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ‘पंच’सारख्या साप्ताहिकांतली व्यंगचित्रं आयरिश माणसाला दारुडा आणि भांडखोर म्हणून रंगवत होती. त्या वातावरणात हा शब्द रुजला आणि साडेसहाशे वर्षांच्या जत्रेतली फक्त काठी लोकांच्या लक्षात राहिली. तिथे घोडा विकून घर चालवणारा शेतकरी आणि वर्षभर वाट पाहून आलेली पोरं या शब्दात कुठेच नाहीत.

शब्द मोठा नादमय आहे, नेमकाही आहे; तो जरूर वापरावा. पण एखाद्या घटनेपुरताच. कुठल्याही समाजाच्या स्वभावाला तो चिकटवला, की जुन्या व्यंगचित्रकारांचा अन्याय आपणच पुढे चालवतो.