निर्बंध आणि प्रसार
मी आयुष्यभर मराठी शिकविले. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. तरीही मला उमगलेला एक शोध आपणांसमोर मांडतो. १९९३ साली व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना एका सूक्ष्म कृमीत मायक्रोआरएनएचे कार्य उलगडले. त्यासाठी त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक लाभले. सुमारे २२ घटकांचा हा रेणू प्रथिन घडवीत नाही. जनुकाकडून निघालेल्या संदेशाला चिकटून तो त्यास निष्प्रभ करतो.

मूत्राशयाच्या कर्करोगात याचे महत्त्व दिसते. ‘मिर-२००’ कुलातील रेणू ‘झेब-१’ व ‘झेब-२’ या प्रथिनांना आवर घालतात. रेणू उणावले की ही प्रथिने ई-कॅडहेरिनची, म्हणजे पेशींना परस्परांशी बांधणाऱ्या दुव्याची, निर्मिती दाबून टाकतात. मग रोगग्रस्त पेशी सुट्या होतात, स्नायूत शिरतात आणि दूरच्या अवयवांत पोहोचू शकतात. एक जुना निर्बंध हरपला, तरी प्रसाराला वाट मिळते.

स्नायूपर्यंत पोहोचण्यापूर्वी सापडलेला रोग आटोक्यात आणणे पुष्कळ सुकर असते. म्हणून माझ्या समवयस्कांना, विशेषतः धूम्रपान केलेल्यांना, विनंती आहे: लघवीतून एकदाही रक्त गेले, तर वेदना नसली तरी संकोच न करता डॉक्टरांकडे जावे.